बोळ जो घेईल त्याच्या घरी

"जो कोण तो बोळ आपला म्हणंल, त्याच्या घरी..."

एवढंच माझ्या कानावर पडलं बघा. शरणम्मा अव्वाच्या तोंडातून पुढचा शब्द निघायला आणि करंट यायला एकच गाठ पडली. गिरणी धडधडायला लागली आणि मला नुसते तिचे ओठ हलताना दिसले. समोर उभ्या असलेल्या बाईनं मात्र सगळं ऐकलं होतं. तिनं पदर घट्ट ओढून घेतला आणि दळण तसंच टाकून निघून गेली.

धनराज, मघाशी तू फटफटी त्या मधल्या बोळात लावायला निघालास आणि मी ओरडलो, म्हणून तोंड पाडून बसलास. चार दिवसांसाठी पुण्याहून आलेल्या पुतण्यावर काका एवढा का खेकसला, असं तुझ्या ह्या दोस्ताला, सोनूलाही वाटलं असेल. सांगतो. करंट गेलाय, तो काही इतक्यात येत नाही. मोबाईलच्या बॅटऱ्या तेवढ्या बंद करा, डोळ्यावर येतात. आणि हे मी कुठं वाचलेलं नाही. आपल्या भिंतीला भिंत लागून ज्याचं घर आहे, त्या वीरेशच्या बाबतीत झालेलं आहे. त्यातलं निम्मं तर माझ्या ह्या कानांनी ऐकलेलं.

दोन हजार चोवीस साल सरत आलं होतं. येळवस, आपला अमावस्येचा रानातला सण, तोंडावर आली होती. आपल्या ह्या कानडी मुलखातल्या मेहकरात दिवाळीला गर्दी नसते एवढी त्या दिवसांत माझ्या गिरणीवर असते. उकडायच्या उंड्यांची बाजरी, आंबिलीची ज्वारी. त्या गर्दीत शरणम्मा अव्वा काठी टेकत आली होती. ती हावगेप्पाची आई, नव्वदीला टेकलेली. माझ्या गिरणीच्या पुढं तिचे गुडघे जात नाहीत.

गर्दी ओसरल्यावर मी तिला गाठलं. "अव्वा, काय म्हणलीस गं मघाशी? त्याच्या घरी काय?"

"काय न्हाई रे हणमंता. ज्वारी बारीक दळ."

"न्हाई, बोळाचं कायतरी म्हणलीस तू."

"तुझे कान हाईत का गिरणीचं जातं? काय बी पडू दे, दळत बसतंय!"

झालं. आता अर्धी गोष्ट कळली की माणसाचं पोट फुगतं का नाही? मी कुणाला सांगितलं नाही. नागनाथला तेवढं सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आणि तुमची काकू राजूबाई तर घरचीच. दिवे लागायच्या आत गावानं ते वाक्य पुरं करून टाकलं. कोणी म्हणालं, त्याच्या घरातलं एक माणूस जातंय. कोणी म्हणालं, बोळात एक बाई पुरलेली आहे, ती उठती. रात्री रामराव मुद्दाम माझ्याकडे आला आणि मलाच कानात सांगायला लागला, "हणमंतराव, ऐकलाव का? लई वंगाळ हाय म्हणं त्या बोळाचं." मी म्हटलं, "व्हय का? मला बाबा काईच ठावं न्हाई."

आता बोळ कसा आहे ते ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं कळेल. एका बाजूला वीरेशच्या घराची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला हावगेप्पाच्या घराची मागची भिंत. दोन्ही घरांची मागची दारं एकमेकांकडे तोंड करून. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, एवढीच रुंदी. तोंडाशी आपलं घर, आपली न्हाणीची खिडकी त्यातच उघडते. दुसऱ्या टोकाला जुनी विहीर होती. तिच्यावर फरशी टाकून भिंत घातली, तेव्हापासून बोळ तिकडून बंद. यायचा-जायचा रस्ता एकच, आपल्याकडून.

हावगेप्पा आणि वीरेश हे काका-पुतणे. वीरेशचा आजा थोरला, हावगेप्पाचा बाप धाकटा, दोघं सख्खे भाऊ. त्यांनी वाटणी केली, एका घराची दोन घरं झाली, आणि मध्ये हा बोळ राहिला. कुणाचा राहिला, ते कुणी विचारलं नाही. दोघांच्या बायका तिथं वाळवण घालायच्या, भांडी घासायच्या. चाललं होतं.

मग वीरेशच्या पवित्राचा पाय घसरला. त्याच्या घरात न्हाणी-संडासला जागाच नव्हती, बायांना अंधारात ओढ्याकडे जावं लागायचं. तिथंच ती पडली, आणि पोटातलं गेलं. पहिलंच होतं. दोन वर्षांनी परत दिवस राहिले, तेव्हा वीरेशनं बसवण्णाच्या देवळात सांगून टाकलं की लेकरू ह्या घरात येईल तेव्हा मागं संडास बांधलेला असेल. आणि पवित्राला सातव्या महिन्यातच तिच्या माहेरी दुबलगुंडीला पाठवून दिलं.

बांधायला जागा एकच. बोळ.

पंचायतीत गेला तर तिथला माणूस म्हणाला, बोळ कुणाच्याच नावावर दिसत नाही. वहिवाट कुणाची आहे ते आधी ठरवा. गावातले चार जाणते येऊन 'ह्याचीच वहिवाट' म्हणू देत, मग बांधा. वीरेश हावगेप्पाकडे गेला. मी आपला सहज ओट्यावर तांदूळ निवडत बसलो होतो, म्हणून ऐकू आलं. राजूबाई, हसू नको. तांदूळच निवडत होतो.

"काका, तुमाला त्या जागेचं काय काम हाय? मला द्या. पाया पडतो."

"न्हाई."

"मग निम्मा तुमी घ्या, निम्मा मला द्या."

"मला निम्मा बी नगं. आन् तुला बी मिळणार न्हाई. हाय तसा ऱ्हाऊ दे."

"तुमाला नगं, तर मला कामून न्हाई?"

हावगेप्पा उठून दारापाशी गेला. मग म्हणाला, "तुझ्या भल्याचं सांगायलाव, वीरेश. त्या बोळात तू वाळवण घाल, बाज टाक, काय बी कर. फकस्त आपला म्हणू नगंस."

वीरेश तणतणत माझ्याकडे आला. "बगा हणमंतकाका, ह्याला म्हणतेत भाऊकी! सोता खाईना आन् दुसऱ्याला खाऊ दीना."

मी त्याची समजूत घातली. बोलता बोलता बोलून गेलो की आमच्या आजाच्या काळी कागद कुठं होते? येळवसेला ज्याचा चरगा ज्या बांधावर पडेल, त्याचा तो बांध. सकाळी उठून लोक आंबिलीच्या खुणा बघायचे आणि मान हलवायचे. आता गिरणीवाल्याच्या तोंडून अशा जुन्या गोष्टी निघतातच. पण वीरेशच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

सोनू, तू हैदराबादेत वाढलेला, तुला चरगा ठावा नसेल. येळवसेला शेतात कडब्याची कोप उभी करतात, पूजा झाली की आंबिलीची बिंदगी, म्हणजे लहान घागर, काखेत घेऊन आपल्या रानाच्या कडेकडेनं शिंपडत फिरायचं. भूमीला आणि बांधावरच्या ज्या कुणाला भूक असेल त्यांना घास. पुढचा माणूस शिंपडतो आणि हाक देतो, "ओलगेऽ ओलगे!" मागचा उत्तर देतो, "सालम पोलगे!" अर्थ विचारू नको. आपण म्हणतो ते कानडी आहे, कानडीवाले म्हणतात मराठी आहे. पण रीत पक्की. उत्तर आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही. आणि एकदा चरगा धरला की जिथून निघालो तिथं परत आल्याशिवाय सोडायचा नाही.

ही रानाची रीत. गावात, घराच्या पाठीमागं, कोणी चरगा टाकत नाही. वीरेशनं ठरवलं, टाकायचा.

तीस डिसेंबर. सोमवारची अमावस्या. त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही, सगळं रानात. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे गवताचा पलिता, पेटवून रानाभोवती फिरवतात, त्यामुळं माणसं परतायला रात्र होते. माझी कंबर धरली होती म्हणून मी घरीच पडून होतो. राजूबाई रानात. शरणम्मा अव्वा तिच्या घरात एकटी, तिला एवढ्या लांब कोण नेणार? बाकी सगळी आळी रिकामी.

अंधार पडून थोडा वेळ झाला असेल. बोळाच्या तोंडाशी पायांचा आवाज आला. वीरेश रानातून एकटाच लवकर परत आला होता. त्यानं दिवा लावला नाही, कोणी बघू नये म्हणून. मागचं दार मात्र सकाळीच आतून उघडून ठेवलं होतं, चरगा झाला की सरळ घरात शिरता यावं म्हणून. काखेत बिंदगी. मला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाला,

"हा बोळ वीरेशचा! वीरेशच्या आजाचा! चरगा आमचा, जागा आमची!"

मी बाजेवर पडल्या पडल्या हसलो. साक्षीदार म्हणून मला धरलं होतं गड्यानं.

"ओलगेऽ ओलगे!" मग थोडं थांबून, आवाज बदलून, त्याचं त्यानंच, "सालम पोलगे!" मागं उत्तर द्यायला कोणी नव्हतं ना. आंबील भिंतीवर पडल्याचा चपकन आवाज झाला. पाऊल पुढं.

पुन्हा, "ओलगेऽ ओलगे!"

"सालम पोलगे."

हे उत्तर बाईच्या आवाजात होतं.

मला वाटलं, पवित्रा आली वाटतं माहेराहून. सणाला आली असेल. बरं झालं, त्याला जोड मिळाली. असं म्हणून मी कूस बदलली.

तिकडे वीरेशला काय वाटलं ते त्यानं नंतर सांगितलं. उत्तर द्यायला त्यानं श्वास घेतला होता. तोंड उघडलं होतं. आणि उत्तर पाठीमागून आलं. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. तो म्हणाला, "काका, गप झोपा की! चरग्यात चेष्टा नगं."

हे मी ऐकलं. आणि माझी झोप उडाली. मी तर काही बोललो नव्हतो.

मग ही पवित्रा असेल, तर वीरेश मला का म्हणतोय?

"ओलगेऽ ओलगे," वीरेश म्हणाला. आता आवाज तेवढा मोठा नव्हता.

"सालम पोलगे."

आवाज बारीक. पुष्कळ दिवस न बोललेल्या माणसाचा असतो तसा, कोरडा. पण नेमानं. ठेक्यात. हे काम जिनं पुष्कळदा केलंय तिचा आवाज.

मी उठून बसलो. कंबर विसरलो.

वीरेशला वळून बघायचं नव्हतं. रीत म्हणून नाही... त्याला भीती वाटत होती की वळलं तर कोणी दिसेल, आणि त्याहून जास्त भीती की कोणी दिसणार नाही. थांबताही येईना. मागं ती. म्हणजे सुटका पुढं. म्हणून पुढं चालला. हाक देत चालला. प्रत्येक हाकेला उत्तर. प्रत्येक उत्तर थोडं जवळ. आंबील संपत आली. हाताला बिंदगीचं बूड लागायला लागलं.

आणि समोर विहिरीची भिंत आली.

आता परत फिरायचं. फिरायचं म्हणजे तिच्याकडे तोंड करायचं. आणि बोळ तर एवढा... एकाला भिंतीला चिकटल्याशिवाय दुसरा जात नाही.

त्यानं डोळे मिटले. भिंतीला पाठ लावली. तसाच सरकत फिरला.

डोळे उघडले.

कोणी नाही. पार तोंडापर्यंत रिकामा बोळ. माझ्या न्हाणीच्या खिडकीची फट तेवढी पिवळी दिसत होती.

त्यानं श्वास सोडला. पाठ अजून भिंतीला टेकलेलीच होती. भिंत आणि पाठ, मध्ये बोट जाणार नाही...

"सालम पोलगे."

पाठीमागून.

ह्या वेळी त्यानं हाक दिलीच नव्हती.

मग काखेतली बिंदगी कुणीतरी हळूच काढून घेतली. हिसकावली नाही. दमलेल्या माणसाच्या हातातलं ओझं घरची बाई घेते... तशी.

तो चालायला लागला. पळाला नाही. पळालो तर ती पण पळेल, असं वाटलं म्हणाला. मागं पावलं. अनवाणी. त्याच्या पावलाला पाऊल.

दोन दारं आली. इकडे त्याचं, तिकडे हावगेप्पाचं.

पावलं थांबली.

टक्. टक्.

हे मी ऐकलं. हावगेप्पाच्या दारावर. बोटाच्या पेराचं, अगदी हळू. शेजारीण हळदी-कुंकवाला बोलवायला येते तसं. थोडं थांबून पुन्हा, टक् टक्.

आणि आतून शरणम्मा अव्वाचा आवाज आला. रडका. लहान पोरीसारखा.

"ब्याडव्वा... इल्ली ब्याडा..."

म्हणजे नको बाई, इथं नको.

मी न्हाणीच्या खिडकीपाशी जाऊन उभा होतो. हात कडीवर होता. आळीत मांजर व्यालं तरी वाकून बघणारा माणूस मी. पण ती कडी माझ्याच्यानं निघाली नाही. हात तिथंच राहिला.

बोळात कोणीतरी वीरेशच्या कानाशी, अगदी कानाशी, विचारलं. हे मी ऐकलं नाही. त्यानं ऐकलं.

"बोळ तुझा व्हय?"

...

"मग मी कुणाची?"

त्यानंतर वीरेशला काही आठवत नाही. माझ्या ओट्यावर, आता सोनू बसलाय ना तिथं, तो येऊन पडला. मी त्याला घरात ओढला, दार लावलं, घोंगडी पांघरली. राजूबाई आणि बाकीची माणसं हेंडगा संपवून आली तोवर आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून बसलो होतो. त्याच्या घरी त्या रात्री कोणी गेलं नाही. बोळातून, मागच्या दारातून, आत बघायची कुणाची हिंमत?

सकाळी ऊन पडल्यावर हावगेप्पाच्या ओट्यावर माणसं जमली. रामराव, नागनाथ, आणखी चार जाणते. भिंतींवर आंबिलीच्या वाळलेल्या खुणा होत्या. बिंदगी कुठंच नव्हती. ती आजपर्यंत सापडलेली नाही. रामराव म्हणाला, "चरगा तर वीरेशचा पडलाय. वहिवाट त्याचीच म्हणावी लागंल. हावगेप्पा, तुजं काय म्हणणं?"

मला वाटलं, आता डोकी फुटणार. इतके महिने अडून बसलेला माणूस. पण हावगेप्पानं हात जोडले. "त्याचाच हाय. पंचायतीत सांगतो, कुठं बी अंगठा उठवतो. बोळ वीरेशचा." एवढं घाईनं म्हणाला, की वीरेशचं तोंड उतरलं.

"काका, मला नगं आता. तुमी घ्या."

"तू म्हणलास ना आपला? हणमंतरावनं ऐकलंय. समद्या आळीनं भिंती बगितल्यात."

"मी सोडतो. आत्ता सोडतो. समद्यांम्होरं सांगतो, माजा न्हाई तो!"

तेव्हा दारातून शरणम्मा अव्वा बोलली. तिला धरून बाहेर आणलं होतं. रात्रभरात ती एवढीशी झाली होती.

"तसं सुटत न्हाई, बाळा."

मग ती जे बोलली ते असं. वीरेशच्या आजाला आणि तिच्या नवऱ्याला एक बहीण होती, निलम्मा. तरणीच विधवा होऊन माघारी आलेली. भावांची वाटणी झाली, रान वाटलं, भांडी वाटली, बैल वाटले. बहीण वाटता येईना. तेव्हा पंचांनी तोड काढली की मधला बोळ जो घेईल, त्यानं निलम्माला सांभाळायचं. दोघांनीही बोळ घेतला नाही.

"मग ती बोळातच ऱ्हायली," अव्वा म्हणाली. "वर कडबा टाकून. एक दिस ह्या दारातनं भाकर, एक दिस त्या दारातनं. येळवसेला मातर दोघांला बी लागायची. बिंदगी घिऊन मागं चालायला, उत्तर द्यायला. तिच्यासारखं उत्तर कुणाला जमायचं न्हाई."

रामरावनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"एका येळवसेला तिला ताप भरला. थोरल्याला वाटलं धाकट्यानं घरात घेतली आसंल. धाकट्याला वाटलं थोरल्यानं. दोनी घरच्यांनी मागच्या दारांला आतनं कड्या घातल्या आन् रानात गेले. मी तवा नवी नवरी. मी बी गेले." अव्वानं पदर तोंडाला लावला. "रात्री आलो तवा ती बोळात... ह्या दाराला एक हात, त्या दाराकडं एक हात."

"बोळातच पुरली काय तिला?" नागनाथनं विचारलं. गावाची अर्धी अफवा त्याच्या तोंडात होती.

"न्हाई रे. रानात पुरली, आपल्या लिंगायत रीतीनं, बसवून."

"आन् ते... बोळ घील त्याच्या घरातलं माणूस जातंय, ते?" हे मी विचारलं. माझ्यानं राहवलं नाही.

अव्वानं माझ्याकडे बघितलं. "आसं कोण म्हणलं? मी न्हाई म्हणले. मी म्हणले, त्याच्या घरी ती ऱ्हायला येती."

वीरेश उठला. आपल्या घराकडे चालायला लागला. मी मागं गेलो. राजूबाई मागं आली. पुढचं दार काल सकाळपासून कुलूपबंद होतं, ते त्यानं उघडलं. मधल्या खोलीतून आत, स्वयंपाकघरात. मागचं दार बोळाकडे सताड उघडं होतं. त्यानंच ठेवलेलं.

स्वयंपाकघरात त्यानं दिवाळीलाच पांढरी फरशी बसवली होती. पवित्रासाठी.

ती फरशी शेणानं सारवलेली होती.

ओलं. ताजं. वास दरवळत होता. वीरेशच्या घरी जनावर नाही. चार बोटांचे फराटे, एकाला एक लावून, अर्ध्या चंद्रासारखे, काय सुबक! मी आयुष्यात एवढं नीट सारवण बघितलं नाही. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून भिंतीपर्यंत. एक बोटभर जागा सुटलेली दिसेना.

मी आत पाय टाकणार, तेवढ्यात राजूबाईनं माझा दंड धरला. एवढा घट्ट, की वळ उठले.

"थांबा," ती म्हणाली. ती फराट्यांकडे बघत होती. बाईमाणसालाच कळतं ते. "सारवताना बाई कुठनं सुरू करती, ठावं हाय का तुमाला? आतल्या कोपऱ्यातनं. मागं सरकत सरकत दाराकडं येती आन् उंबऱ्याभाईर निघती. न्हाईतर ओल्यात पाय उमटतेत, भाईर येता येत न्हाई."

"मग?"

"हे दारापास्नं सुरू केलंय."

मी बघितलं. खरंच. बोळाच्या दारातून पहिला फराटा. मग दुसरा, आत. मग तिसरा, आणखी आत. मागं सरकत... सरकत... पार आतल्या कोपऱ्याकडे. पाऊल कुठंच उमटलेलं नाही.

"पवित्रा लेकरू घिऊन येणार हाय," वीरेश हळूच म्हणाला. "काकू, तिला मी काय सांगू?"

राजूबाईनं नुसतं बोट केलं.

चुलीमागच्या त्या कोपऱ्यात फराटे संपत होते. आणि तिथं, भिंतीला लागून, फरशीचा एक तुकडा पांढरा होता. कोरडा. कोणी गुडघे पोटाशी घेऊन बसलं तर मावेल... एवढाच.